परदेशी शिक्षण कोणत्या वाटेने? बडोद्याच्या कॉलेज विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात कॉलेजात शिकणारी मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. व्हिसाचे नियम आणि रकमा दरवर्षी बदलतात. त्यामुळे इथला कोणताही आकडा अर्जात वापरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पडताळून घ्या.

१. परदेशात शिकायला जायचं म्हणजे नेमक्या वाटा किती आहेत? मला तर पूर्ण डिग्री तिकडे करायची, एवढंच माहीत आहे.

बहुतेकांना तेवढंच माहीत असतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ढोबळमानाने पाच वाटा आहेत. पहिली, उन्हाळ्यात काही आठवड्यांचा अभ्यासक्रम किंवा संशोधन इंटर्नशिप. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची १२ आठवड्यांची इंटर्नशिप याच प्रकारातली. दुसरी, एका सेमिस्टरचं एक्स्चेंज: तुमची डिग्री इथलीच राहते, सहा महिने मात्र तिकडे काढता. तिसरी, दोन विद्यापीठांनी मिळून चालवलेला कार्यक्रम. यूजीसीने २०२२ च्या नियमांत त्याचे ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री असे तीन प्रकार केले आहेत. ट्विनिंगमध्ये परदेशी विद्यापीठातली क्रेडिट्स ३० टक्क्यांपर्यंतच चालतात आणि पदवी भारतीय विद्यापीठाची मिळते. चौथी, बारावीनंतर किंवा मधूनच उठून पूर्ण पदवी परदेशात. पाचवी, इथली पदवी पूर्ण करून मास्टर्सला जाणं.

या पाच वाटांचा खर्च, धोका आणि हाती लागणारं फळ इतकं वेगवेगळं आहे की सगळ्यांना 'फॉरेन' या एकाच नावाने हाक मारणं परवडत नाही.

२. आधी देश ठरवायचा की कोर्स? आमच्याकडे सगळे देशावरूनच सुरुवात करतात.

देश सगळ्यात शेवटी. आधी हे ठरवा की तिथून काय आणायचं आहे किंवा तिथे काय करायचं आहे: एखादा विषय जो इथे नीट शिकवला जात नाही, संशोधनाची सवय, तिथली नोकरी, की फक्त एकदा बाहेरचं जग बघणं. शेवटचं कारणही अगदी रास्त आहे. पण त्यासाठी एक सेमिस्टर पुरतं, चाळीस लाखांचं कर्ज लागत नाही.

उद्देश ठरला की वाट ठरते, वाटेवरून अभ्यासक्रम आणि मग देश. 'आतेभाऊ मेलबर्नला आहे' ही सोय आहे, कारण नव्हे. तो पहिल्या आठवड्यात विमानतळावर घ्यायला येईल. पुढची दोन वर्षं तुम्हाला त्याच वर्गात बसायचं आहे.

३. मी एस. वाय. ला आहे. आत्ता मधूनच जावं का, की पदवी पूर्ण करून?

आमचं स्पष्ट मत असं: कोणत्याही विशेष कारणाशिवाय मधून उठू नका. मधून गेलात तर इथली क्रेडिट्स तिकडे किती धरतील, हे सर्वस्वी तिथल्या विद्यापीठाच्या हाती असतं. दोन वर्षं शिकून एकच वर्ष धरलं, असं सहज होतं. शिवाय पदवीच्या पातळीवर परदेशी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या कमी, आणि तीन-चार वर्षांची फी पूर्ण भरायची. मास्टर्स यूकेत एका वर्षात होतं, अमेरिकेत साधारण दोन वर्षांत.

पदवी इथे करून, मध्ये एखादं एक्स्चेंज किंवा उन्हाळी इंटर्नशिप घेऊन, मग मास्टर्सला जाणं हा मध्यमवर्गीय घरासाठी सर्वांत शहाणा मार्ग आहे असं आम्हाला मनापासून वाटतं. अपवाद आहेतच: विषयच असा आहे की इथे तो मिळत नाही, किंवा परदेशी विद्यापीठानेच पूर्ण शिष्यवृत्ती दिली आहे. तीन वर्षांच्या पदवीची अडचण प्रश्न ५ मध्ये आहे.

४. एक्स्चेंजला गेले तर फी इथली भरायची की तिथली? आणि तिथले मार्क इथे लागतात का?

खऱ्या एक्स्चेंजमध्ये दोन विद्यापीठांत करार असतो आणि तुम्ही फी आपल्याच विद्यापीठात भरता. तिथलं राहणं, खाणं, विमान, विमा हे तुमचं. जिथे तिथली फी भरायला सांगतात तो प्रकार वेगळा. नाव काहीही असलं तरी तो पैसे देऊन घेतलेला सेमिस्टर असतो.

मार्कांचं म्हणाल तर जाण्याआधी एक कागद हातात हवाच: तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे आपल्या विभागप्रमुखांच्या सहीने. नुसतं तोंडी 'हो हो, होईल' चालत नाही. हा कागद नसल्यामुळे परत आल्यावर तोच पेपर पुन्हा द्यावा लागलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. आपल्या विद्यापीठाचे करार कोणाशी आहेत, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. करार असतात, पण त्यातल्या जागा कधी भरतात हे विचारल्याशिवाय कळत नाही.

५. माझी बी. कॉम. तीन वर्षांची आहे. मास्टर्ससाठी चालते का?

यूके आणि आयर्लंडमध्ये साधारणपणे चालते. युरोपातल्या बऱ्याच देशांत पदवी तीन वर्षांचीच असते, त्यामुळे तिथे वर्षांपेक्षा विषय जुळतात का हे जास्त पाहिलं जातं.

खरी अडचण अमेरिकेत. तिथली बरीच विद्यापीठं एकूण १६ वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे बारावी अधिक चार. काही विद्यापीठं मूल्यमापन संस्थेचा अहवाल मान्य करतात. डब्ल्यूईएस ही त्यातली एक मोठी संस्था. प्रथम श्रेणी असेल आणि विद्यापीठाची नॅक श्रेणी 'ए' किंवा त्यावरची असेल, तर ती तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकन पदवीच्या बरोबरीची धरते. पण अंतिम निर्णय प्रवेश देणाऱ्या विभागाचाच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष घेऊन ऑनर्स करता येत असेल आणि लक्ष्य अमेरिकाच असेल, तर ते वर्ष वाया गेलं असं समजू नका.

६. एकूण किती पैसे लागतात? आणि बँकेत दाखवायचे किती?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि घरात भांडणं होतात ती दोन्ही एकच समजल्यामुळे.

दाखवायची रक्कम सरकार ठरवतं. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरो काढता येतात. कॅनडात एकट्या विद्यार्थ्यासाठी राहण्या-खाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर सप्टेंबर २०२५ पासून दाखवावे लागतात, फी वेगळी. यूकेत पैसे सलग २८ दिवस खात्यात पडून असायला हवेत. एकोणतिसाव्या दिवसाची वाट न पाहता एफडी मोडून पैसे फिरवले की अर्ज बाद. अधिकृत बँकेच्या शैक्षणिक कर्जाला मात्र ही २८ दिवसांची अट नाही. अमेरिकेत आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने प्रवेशानंतर पाठवलेल्या फॉर्मवर, छापलेला निदान पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार, हे पटवून द्यावं लागतं.

खरा खर्च त्याहून जास्त असतो, कारण त्यात जाण्याआधीच उडणारे पैसे असतात. अमेरिकेसाठी व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आणि सेविसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, ३५० डॉलर. यूकेत आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो आधीच भरायचा. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाची फी जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आहे आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. यात परीक्षा, अर्जाच्या फी, ट्रान्सक्रिप्ट, कुरियर, घराची अनामत आणि हिवाळ्याचे कपडे घाला. घरी वही घेऊन बसा, आईलाही बसवा. हा हिशोब बहुतेक घरांत तीच सर्वांत अचूक करते.

बाहेर पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर गेलात तर बँक टीसीएस (आधीच घेतला जाणारा आयकर) कापते. पैसे शैक्षणिक कर्जातून जात असतील तर कापत नाही. कापलेला कर ज्यांच्या पॅनवरून पैसे गेले त्यांच्या रिटर्नमध्ये वळता होतो, म्हणून बाबांच्या खात्यातून जाणार की आजोबांच्या, हे आधीच ठरवा.

७. कर्ज काढायचं तर घर गहाण ठेवावं लागेल का? आमचं घर रावपुऱ्यात आहे, आजोबांच्या नावावर.

भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेनुसार ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरे. परदेशी शिक्षणाला एवढ्यात क्वचितच भागतं. त्यावर सरकारी बँका तारण मागतात. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज जास्त लावतात. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. ती परदेशालाही चालते हा गैरसमज फार पसरला आहे.

आता घराचं. रावपुरा, वाडी, दांडिया बाजार, बाबाजीपुरा इथल्या जुन्या घरांची अडचण किमतीची नसते, कागदांची असते. प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव, वारसाई केलेली नाही, एक काका पुण्यात, एक आत्या इंदूरला. बँकेला स्पष्ट मालकी हवी आणि सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. हे काम महिन्यांचं असतं, आठवड्यांचं नव्हे. म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न पाहता, शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच वारसाईचं काम हाती घ्या. आणि काकांना सही मागायला मुलाने स्वतः जावं, बाबांना पाठवू नये. घर ज्याच्यासाठी गहाण पडणार त्याने समोर बसून कारण सांगावं, हे आम्हाला योग्य वाटतं.

एक नियम घरी लावून घ्या: ती डिग्री घेऊन भारतातच परत यावं लागलं, तर इथल्या पगारात हप्ता भरता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर रक्कम कमी करा किंवा वाट बदला. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र जुन्या करप्रणालीतच.

काही प्रवर्गांसाठी आणि आर्थिकदृष्ट्या कमकुवत घरांसाठी गुजरात सरकारच्या महामंडळांतर्फे परदेशी शिक्षणाला १५ लाखांपर्यंत ४ टक्के व्याजाने कर्ज मिळतं. उत्पन्नाची मर्यादा आणि गुणांची अट असते. आधी तिथे विचारा, मग खासगी वित्तसंस्थेकडे जा.

८. शिष्यवृत्ती मिळते का हो खरंच? आणि बाँड म्हणजे काय?

मिळते, मुख्यतः मास्टर्स आणि पीएच. डी. ला. युरोपीय संघाच्या इरास्मस मुंडस जॉइंट मास्टर्समध्ये किमान दोन देशांत शिकायचं असतं. त्याची शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो, २४ महिन्यांपर्यंत. यूके सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर तिथलं एक वर्षाचं मास्टर्स मिळतं, पण आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे टी. वाय. नंतर लगेच नाही. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सलाही अनुभव मागतात. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, परतफेड करावी लागते. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर घरांतल्या मुलांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे: मास्टर्स किंवा पीएच. डी., कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत, वय ३५ च्या आत.

बाँड म्हणजे पैशाच्या बदल्यात दिलेला शब्द. चेव्हनिंगवाल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. आपल्या शहरात हा विषय नवा नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी. त्या शब्दाला जागून बाबासाहेब १९१७ मध्ये इथे आले, आणि अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटी बागेतलं संकल्प भूमी हे स्मारक त्याच दिवसांची आठवण आहे. परदेशी शिक्षणाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येक बडोदेकराला यातली दोन्ही अर्धी माहीत असावीत: पाठवणारं संस्थान आणि परत आलेल्याला दार बंद करणारं शहर.

९. आम्ही मराठी आहोत. मग महाराष्ट्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आम्हाला मिळेल का?

मिळत नाही, कारण ती भाषेवर नाही, अधिवासावर आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. चार पिढ्या बडोद्यात असलेलं घर त्यात बसत नाही, मूळ गाव साताऱ्यात असलं तरी.

अवघड भाग जातीच्या दाखल्याचा. अनुसूचित जातींची यादी राज्यनिहाय असते. मूळ महाराष्ट्रातून स्थलांतर केलेल्या घराला गुजरातच्या राज्य योजनांत दाखला चालेलच असं नाही. त्यामुळे अशा घरांनी केंद्राची योजना (प्रश्न ८) आधी पाहावी आणि दाखला कोणत्या राज्याचा लागतो हे समाजकल्याण कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं. हा दाखला शेवटच्या महिन्यात मिळत नाही.

१०. जर्मनीत शिक्षण फुकट आहे म्हणतात. खरं का?

सरकारी विद्यापीठांत बहुतांश फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, म्युनिकचं तंत्र विद्यापीठही २०२४ च्या हिवाळ्यापासून घेतं, आणि खासगी विद्यापीठांची फी तर भरपूर असते. इथल्या जाहिरातीत 'जर्मनी' वाचून जे कॉलेज मिळतं ते बऱ्याचदा खासगी निघतं.

भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) सक्तीचं आहे. ते यायला वेळ लागतो, म्हणून पहिलं काम तेच. बारावीनंतर लगेच थेट प्रवेश सहसा होत नाही: इथे पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे करणं, जेईई ॲडव्हान्स्ड, किंवा तिथलं स्टुडियनकोलेग (प्रवेशाआधीचा तयारीचा अभ्यासक्रम), असे मार्ग असतात. कोर्स इंग्रजीतून असला तरी दुकान, डॉक्टर, घरमालक आणि नोकरी जर्मनमधून असते. एम. एस. विद्यापीठाच्या कला शाखेत जर्मन शिकता येतं. कॉमर्सला असलात तरी पहिल्याच वर्षी शिकायला लागा.

११. पार्ट टाइम काम करून फी निघते का?

नाही. जेवण, फोन, भाड्याचा काही भाग निघतो. अमेरिकेत सत्र चालू असताना फक्त कॅम्पसवर आठवड्याला २० तास, यूकेत पदवी-मास्टर्सला २० तास, कॅनडात कॅम्पसबाहेर २४ तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. मर्यादेबाहेर रोखीने काम केलं तर व्हिसा जातो. फी कामातून काढू असं कोणी सांगत असेल तर त्याचा हिशोब कागदावर मागा.

१२. माझी शाळा मराठी माध्यमाची. आयईएलटीएस द्यावीच लागेल का?

शाळेचं माध्यम कोणी विचारत नाही, पदवीचं विचारतात. एम. एस. विद्यापीठात शिक्षण इंग्रजीतून आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' पत्रावर यूके आणि युरोपातली काही विद्यापीठं परीक्षा माफ करतात. तरीही आमचा आग्रह आहे की परीक्षा द्या. गुण दोन वर्षं चालतात. आणि मराठी माध्यमाची मुलं ज्या एका भागात अडतात, म्हणजे सलग दोन मिनिटं बोलणं, त्याचा सराव तिथे वर्गात बसल्यावर उपयोगी पडतो. भाषा कमी पडेल या भीतीने अर्जच न करणारी मुलं दरवर्षी भेटतात. ती भीती सहा महिन्यांच्या रोजच्या सरावाने जाते.

१३. अलकापुरी-फतेगंजमध्ये इतक्या कन्सल्टन्सी आहेत. त्यांच्याकडे जावं का?

जा, पण त्यांचं उत्पन्न कुठून येतं हे समजून जा. विद्यार्थ्याकडून फी न घेणाऱ्या बहुतेकांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यात गैर काही नाही. फक्त जी विद्यापीठं कमिशन देत नाहीत, म्हणजे जर्मनीची सरकारी विद्यापीठं आणि बरीच नामांकित विद्यापीठं, त्यांचं नाव तिथे निघत नाही. म्हणून तुमची यादी तुम्ही करा आणि मग त्यांना दाखवा.

तीन गोष्टी कधीही सोडू नका: अर्जाच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे, ईमेल तुमचा, आणि फी थेट विद्यापीठाला. प्रवेशपत्र आलं की त्याच्यावरचा दुवा न वापरता, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून तिथे स्वतः मेल टाका आणि खात्री करा. बनावट अनुभवपत्र किंवा बँक स्टेटमेंट 'ॲडजस्ट करून देतो' म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून त्याच क्षणी उठा. चुकीची माहिती दिल्याबद्दल कॅनडात पाच वर्षं आणि यूकेत दहा वर्षं बंदी येऊ शकते, आणि ती तुमच्या नावावर लागते, एजंटच्या नाही.

१४. कॅनडात कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा स्वस्त पडतो. घ्यावा का?

आता फार जपून. २०२४ पासून तिथे विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली, झटपट प्रक्रियेची एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, आणि डिप्लोमानंतरच्या वर्क परमिटला ठरावीक विषयांची अट लागली. सरकारी कॉलेजच्या नावाने खासगी संस्थेत चालणाऱ्या अभ्यासक्रमांना तर मे २०२४ नंतर ते परमिटच नाही. इथून बी. कॉम. करून तिथे पुन्हा 'बिझनेस' डिप्लोमा घेणं म्हणजे एक पायरी खाली उतरणं. व्हिसा अधिकारीही तोच प्रश्न विचारतो.

१५. गिफ्ट सिटीत परदेशी विद्यापीठ आलंय ना? मग बाहेर जायचं कशाला?

ऑस्ट्रेलियाची डीकिन आणि वोलाँगाँग ही विद्यापीठं गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत २०२४ पासून शिकवतात आणि पदवी मूळ विद्यापीठाचीच असते. घरातून बाहेर पाठवणं शक्य नसेल, किंवा फायनान्ससारखा विषय हवा असेल, तर विचार जरूर करा. पण परदेशी समाजात राहणं आणि तिथला वर्क परमिट या दोन गोष्टी त्यातून मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर ही वाट तुमची नव्हे.

१६. मी फाइन आर्ट्सला आहे. मार्क बघतात की काम?

काम. पोर्टफोलिओ आणि त्यावरचं तुमचं लिखाण. बडोद्याच्या फाइन आर्ट्सचं नाव बाहेर ओळखीचं आहे, पण नावावर प्रवेश मिळत नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक कामाचे चांगल्या उजेडातले फोटो काढून तारखेनिशी ठेवा. शेवटच्या महिन्यात निम्मी कामं विकलेली, मोडलेली किंवा दिलेली असतात.

१७. दोन एटीकेटी आहेत आणि एक वर्ष गॅप. संपलं का सगळं?

अजिबात नाही. सुटलेल्या एटीकेटी लपवू नका, ट्रान्सक्रिप्टवर दिसतातच. गॅपचं खरं कारण द्या: आजारपण, घरचं दुकान सांभाळलं, परीक्षेची तयारी केली. कारणाला एखादा कागद जोडता आला तर उत्तम. चालू असलेली एटीकेटी मात्र प्रवेश अडवते.

१८. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. अडचण येईल का?

आपल्याकडे हे घरोघरी आहे: बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा. नुसत्या क्रमाची अडचण सहसा होत नाही. स्पेलिंगचा फरक मात्र अडवतो: एकीकडे एक 'ए', दुसरीकडे दोन. दुसरी अडचण म्हणजे पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असणं. अमेरिकेच्या व्हिसावर मग नावाच्या जागी 'एफएनयू' छापलं जातं आणि बँक खात्यापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत ते मागे लागतं. पासपोर्ट काढतानाच किंवा नूतनीकरणाच्या वेळी हे नीट करून घ्या. विद्यापीठाच्या अर्जात नाव कायम पासपोर्टप्रमाणे.

१९. व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज केला तर?

करता येतो. आधी नकाराचं कारण वाचा. अमेरिकेत बहुतेक नकार कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली असतात, म्हणजे तुम्ही शिकून परत याल किंवा खरंच शिकायला चालला आहात हे अधिकाऱ्याला पटलं नाही. काहीही न बदलता दोन आठवड्यांत पुन्हा मुंबईला मुलाखतीला गेलात तर उत्तर तेच येतं. बदल म्हणजे नवा प्रवेश, स्पष्ट झालेले पैसे, किंवा अभ्यासक्रमाची आणि तुमच्या आधीच्या शिक्षणाची नीट सांगता येणारी सांगड. पाठ केलेली उत्तरं तिथे लगेच ओळखतात. पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात जुना नकार सांगावा लागतो, तो दडवणं नकारापेक्षा महागात पडतं (प्रश्न १३).

२०. एमबीबीएससाठी हेच नियम का?

नाही, तिथे सगळं वेगळं आहे. भारतात व्यवसाय करायचा असेल तर 'नीट' या प्रवेश परीक्षेची पात्रता आधी हवी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत, शिवाय परत आल्यावर पात्रता परीक्षा. यातली एक अट चुकली तरी पदवी इथे कागदच राहते. 'देश स्वस्त आहे' हे कारण इथे सगळ्यात धोक्याचं.

२१. परत आल्यावर तिथली पदवी इथे धरतात का?

खासगी नोकरीत बहुतेक वेळा कोणी अडवत नाही. सरकारी नोकरी, नेट किंवा पीएच. डी. साठी समकक्षता लागते. त्यासाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम आणले. वकिली, वैद्यक, वास्तुकला यांसाठी त्या त्या परिषदेचे नियम वेगळे. यूकेच्या एका वर्षाच्या मास्टर्सवर पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर जाण्याआधीच हे तपासा. तिथेच थोडं काम करून परतायचं असेल तर हेही लक्षात ठेवा: यूकेचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे शिक्षणानंतर काम करू देणारा दोन वर्षांचा व्हिसा, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिन्यांचा होणार आहे, पीएच. डी. वाल्यांना तीन वर्षं कायम.

२२. अमेरिकेला एक्स्चेंजवर जे-१ व्हिसा मिळतोय. त्याला 'दोन वर्षं परत येण्याची' अट असते म्हणे. मग पुढे एमएससाठी अडकेन का?

हा प्रश्न एक्स्चेंजला जाणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ही अट सगळ्या जे-१ वाल्यांना नसते. तुमच्या एक्स्चेंजला भारत किंवा अमेरिका सरकारचा पैसा असेल, तर लागते. दुसरं कारण म्हणजे देशनिहाय कौशल्य यादी, म्हणजे कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची माणसं परत हवी आहेत याची अमेरिकेने केलेली यादी. त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव काढलं गेलं, त्यामुळे तेवढ्या कारणाने आता ती लागत नाही. आणि अट लागली तरी ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला आणि ग्रीन कार्डाला अडवते. पुढे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर एमएसला जाण्याला नाही, फक्त त्यासाठी नवा व्हिसा अमेरिकेबाहेरच्या वकिलातीतून घ्यावा लागतो. तुमच्या डीएस-२०१९ या एक्स्चेंजच्या फॉर्मवर आणि व्हिसाच्या शिक्क्यावर ही अट आहे की नाही ते छापलेलं असतं. पण तो शेरा प्राथमिक असतो. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून त्यावर लेखी मत मागवता येतं.